पिशवी कोणी भरली?

नोरविक, १४ एप्रिल

प्रिय तूरी,

ह्या पत्राची सुरुवात मी अनेकदा केली आणि प्रत्येक वेळी ती शाळेच्या सूचनाफलकासारखी झाली. शेवटी ठरवले, सूचनेपासूनच आरंभ करावा. आमचा आठवीचा वर्ग जूनमध्ये सहलीसाठी विमानाने कोपनहेगनला जाणार आहे, आणि मुलांची तयारी करून घेण्याचे काम मुख्याध्यापक बॉरुर यांनी माझ्यावर सोपवले आहे. कारण विचारले तर म्हणाले, "तू काहीही करायच्या आधी वाचतेस. बाकीचे करून झाल्यावर विचारतात."

मी अजून एकदाही विमानात बसलेले नाही, हे तुला माहीत आहे. शिक्षिकेचे शिक्षण टॉर्सहाव्हनला झाले, तिथे बोटीने जाता येते. त्यापलीकडे फॅरो बेटे सोडून जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही. मुलांना मात्र मी हे सांगितलेले नाही. विमान कंपनीने पाठवलेली माहितीपुस्तिका मी इतक्यांदा वाचली आहे की विमानातल्या मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दिवे कुठे लागतात, हे मला आपल्या जिन्याच्या पायऱ्यांपेक्षा चांगले ठाऊक आहे.

व्यायामशाळेत आम्ही खुर्च्या मांडून विमान केले आहे. पट्टे म्हणून मुलांनी घरून कमरपट्टे आणले. कानांना दडे बसले तर चघळायच्या गोळ्या त्यांनी जमिनीवर असतानाच संपवल्या. बाइन्ता नावाची एक मुलगी आहे, चष्मेवाली, प्रश्न विचारण्यात कोणाला हार न जाणारी. तिने विचारले, "मार्यून, धुक्यामुळे विमान उतरलंच नाही आणि परत गेलं, तर आपण कुठे असतो?" मी म्हणाले, जिथून निघालो तिथेच. तिला ते उत्तर पुरेसे वाटले नाही. खरे सांगायचे तर मलाही वाटले नाही.

आता मुद्द्याचे. कोपनहेगनच्या विमानतळावर तू येशील का? मुलांना रस्ता दाखवायला, एवढेच कारण मी बॉरुर यांना दिले आहे. तुला निराळे कारण द्यावे असे वाटते, पण ते मांडता येत नाही.

बाबांची प्रकृती ठीक आहे. मी तुला लिहिते आहे हे त्यांना ठाऊक नाही. तुझे नाव घरात निघत नाही. बाहेरच्या दाराजवळचा बाक तिथेच आहे. तू शेवटची घरी आलीस त्या वर्षी परत कोपनहेगनला निघालीस तेव्हा बाबांनी पांढऱ्या कापडात शिवून दिलेली वाळवलेल्या मेंढीची तंगडी तू त्याच बाकावर ठेवून गेलीस, खोलीवरच्या मुली वासाने नाक मुरडतात म्हणून. बाबा विमानतळावरून परतले तेव्हा ती तिथे होती. त्यानंतर त्या बाकावर आम्ही कोणीच काही ठेवत नाही, हातमोजेसुद्धा नाहीत. ह्या विषयावर मी लिहिणार नव्हते.

तुझी,
मार्यून

नोरविक, २९ एप्रिल

प्रिय तूरी,

तुझे उत्तर नाही. ते अपेक्षित होते, तरी टपालवाल्याची वाट पाहिली.

मी एक नियम केला आहे आणि त्यामुळे गाव माझ्यावर रागावले आहे, असे वाटते. निश्चित सांगता येत नाही, कारण कोणी तसे म्हटलेले नाही.

झाले असे. पुस्तिकेत लिहिले आहे की विमानतळावर प्रवाशाला विचारतात, तुमची पिशवी तुम्ही स्वतः भरली का, कोणी काही न्यायला दिले आहे का. ह्याचा सराव घ्यावा म्हणून मी टेबलामागे अधिकारी होऊन बसले आणि मुले घरून भरून आणलेल्या पिशव्या घेऊन एकेक करून समोर आली. पहिली बाइन्ता. मी विचारले, पिशवी कोणी भरली. ती म्हणाली, "आईने. पण वरचा सुका मासा सिग्गाआजीचा आहे, तिच्या भाच्याला द्यायचा. मुरंब्याची बरणी पाववाल्यांची. आणि खाली कापडात काहीतरी आहे, ते कोणाचं ते मला माहीत नाही, पण ज्याला द्यायचं तो घ्यायला येईल."

"त्यावर नाव नाही?"

"नाव कशाला? आपल्याकडे नाव कोण लिहितं?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. ह्या गावातून कोणीही डेन्मार्कला निघाले की घराघरातून मासे, मांस, मुरंबे, लोकरीचे मोजे येतात. कोणाचे कोणासाठी हे सर्वांना ठाऊक असते आणि नाव लिहिणे म्हणजे नेणाऱ्याला परका म्हणणे, हे तुला मी काय सांगावे. परंतु तिथे टेबलामागे खरा अधिकारी असेल. मुलांनी खरे सांगितले तर पिशव्या उघडतील. खोटे सांगितले तर मी त्यांना खोटे शिकवले असे होईल. पुस्तिकेत ह्यातला तिसरा मार्ग दिलेला नाही.

म्हणून पालकसभेत मी नियम वाचून दाखवला: प्रत्येकाने फक्त स्वतःच्या घरचे न्यावे, ते स्वतःच्या डोळ्यांसमोर भरलेले असावे, दुसऱ्या घरचे काहीही घेऊ नये. कोणी विरोध केला नाही. सगळ्यांनी मान हलवली आणि मी हायसे वाटून घरी आले.

दुसऱ्या दिवशी बॉरुर यांनी विचारले, "काल कॉफीचा दुसरा कप कोणी घेतला का?"

मी आठवून पाहिले. कोणीच घेतला नव्हता. किटली भरलेली राहिली होती आणि ती मीच रिकामी केली होती. तू असतीस तर तुला तिथल्या तिथे कळले असते. मला पुस्तकातले सगळे कळते आणि माझ्याच गावातला नकार कळत नाही.

शेजारची सिग्गा आता कुंपणापलीकडून हात करत नाही. हे मी समजू शकते, तिच्या भाच्याचे मासे राहिले. पण बाबा का गप्प आहेत? ते कोणाला काही पाठवत नाहीत. मी सभेहून आले तेव्हापासून ते जेवतात आणि बटाट्यांची साले ताटात असतानाच उठून खोपीकडे जातात. काल मी खिडकीतून पाहिले. त्यांनी मांस वाळवायच्या खोपीतून एक तंगडी उतरवली, बराच वेळ हातात धरली आणि परत टांगली. समुद्राच्या बाजूला, जिथे सर्वांत चांगला वारा फटींतून येतो तिथे.

आम्ही दोघे एवढे मांस खात नाही. कोणासाठी टांगतात?

मार्यून

नोरविक, १२ मे

तूरी,

माझा गोंधळ मी क्रमाने मांडते, म्हणजे निदान तुला तरी तो समजेल.

रविवारी बाबांनी आपण होऊन प्रश्न विचारला. ते म्हणाले, "तुझा तो नियम नेमका काय आहे? नीट सांग."

मी सांगितले, की स्वतःच्या घरचे न्यायला हरकत नाही, दुसऱ्याच्या घरचे नको.

"म्हणजे आपल्या घरचं आपल्या नावानंच जायचं."

"हो."

"दुसऱ्याच्या नावानं नाही."

"बाबा, तसं कोण कशाला पाठवेल?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी काहीतरी फार मूर्खपणाचे बोलले आहे हे मला समजले. मात्र काय, ते समजले नाही. ते उठले आणि खोपीच्या निसटलेल्या पट्ट्या ठोकायला गेले. संध्याकाळपर्यंत ठोकत होते. मला वाटले, ते पट्ट्यांवर रागावले आहेत.

काल सिग्गा आली. मी कॉफी ओतायला गेले तर तिने कप पालथा घातला. मग म्हणाली, "मार्यून, तू एवढी शिकलीस, मला एक सांग. माझी खोप कुठाय?"

मी म्हणाले, ती तर वादळात गेली.

"कधी गेली?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि मेंढ्या?"

"मेंढ्या तुझ्याकडे कधीच नव्हत्या."

"मग दरवर्षी तुझ्या बहिणीला तंगडी कोण पाठवतं, बयो?"

तूरी, मला हे ठाऊकच नव्हते. तुला दरवर्षी काही जाते हेच ठाऊक नव्हते. सिग्गाने सांगितले ते मी इथे जसेच्या तसे लिहिते. तू ती तंगडी बाकावर ठेवून गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी बाबा एक तंगडी कापडात शिवून तिच्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, ही तुझ्याकडून म्हणून जाऊ दे. ती म्हणाली, माझ्याकडून का? ते म्हणाले, "माझ्याकडून तिला नको आहे." तेव्हापासून जो कोणी गावातून विमानाने निघतो तो तुझ्या दाराशी सिग्गाची तंगडी पोचवतो. गावात सर्वांना माहीत आहे. टपालवाल्याला, पाववाल्याला, बहुधा बाइन्तालासुद्धा. सरावाच्या पिशवीत तळाला जे कापडात होते ते तेच होते. एकाच घरात राहून मला एकटीला माहीत नव्हते.

आणि मला आता ते कापड आठवते. दर उन्हाळ्यात एक पांढरे कापड आपल्या दोरीवर दिसायचे, चार घड्यांच्या खुणा असलेले, आणि त्याला परक्या साबणाचा वास यायचा. मला वाटायचे, सिग्गाने नवा साबण आणला. बाबा ते वाळल्यावरही दोन-दोन दिवस काढत नसत. मी एकदा काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे, अजून ओलं आहे." ते ओले नव्हते. ते तू धुऊन सिग्गाला परत पाठवलेले असायचे, हे मला आता कळते.

हे मी तुला सांगावे की नाही, ह्याचा मी दिवसभर विचार केला. बाबांना न विचारता सांगणे हा त्यांचा विश्वासघात आहे. न सांगणे हा तुझा. सिग्गाला विचारले तर ती म्हणाली, "मी काही सांगितलेलं नाही, मी फक्त खोपीचं विचारलं." मग मीच ठरवले, आणि ठरवून लिहून झाल्यावर पुन्हा शंका आली. तू ती खाल्लीस का? की दुसऱ्या कोणाला दिलीस? सिग्गाची समजून खाल्लीस आणि आता बाबांची म्हटल्यावर घशाशी येईल का?

एवढे मात्र निश्चित की तुमच्या दोघांमध्ये जी एकच गोष्ट येत-जात होती, ती माझ्या नियमाने बंद पडली.

मार्यून

नोरविक, ३ जून

तूरी,

नियम मागे घ्यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला. बॉरुर म्हणाले, तू केलास, तूच मोड. वर्गात मी म्हणाले, की थोडीशी सवलत देता येईल असे मला वाटते. मुले इतकी तयार झाली आहेत की ती माझ्यावरच उलटली. बाइन्ता उभी राहून म्हणाली, "आम्ही तिथे खरं बोलायचं की खोटं, ते एकदा ठरव. आम्ही घरी भांडलोय त्या नियमासाठी. माझ्या आजोबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय."

मी म्हणाले, खरंच बोलायचं.

"मग झालं," ती म्हणाली आणि बसली.

जेवताना मी बाबांपुढेही तोच विषय काढला. सिग्गाने मला सांगितले आहे हे मी बोलले नाही. फक्त म्हणाले, की तो नियम जरा चुकला. ते बटाटा सोलत होते. "मुलांना एकदा सांगितलं ते सांगितलं," ते म्हणाले. "आज असं आणि उद्या तसं सांगितलं तर ती विमानात तुझं ऐकतील का?" ते माझ्या बाजूचे आहेत की विरुद्ध, हे मला ओळखता येत नाही. कदाचित त्यांनाही येत नसेल.

आणि आता तुझा फोन. तू घरी केला नाहीस, शाळेत केलास, आणि मी व्यायामशाळेत असताना केलास. बॉरुर यांनी तो मला जवळजवळ अक्षरशः सांगितला. एका बाईने विमान कोणत्या दिवशी आहे ते विचारले. त्यांनी सांगितले. मग तिने विचारले, ह्या वर्षी सिग्गाची तंगडी येणार आहे का. बॉरुर नियमाला पक्के. ते म्हणाले, ह्या वर्षी दुसऱ्याच्या घरचे कोणीच काही नेत नाही. त्यांना वाटले फोन कटला. मग ती बाई म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

मी हे ऐकून व्यायामशाळेत परत गेले आणि मांडलेल्या खुर्च्यांपैकी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहिले. सिग्गाची खोप कोसळली ती तू जाण्याच्या आधीच्या हिवाळ्यात. सकाळी तिच्या फळ्या समुद्रकाठी गोळा करायला तू आणि मी गेलो होतो. तुझ्या तळहातात लाकडाचे कुसळ गेले आणि बाबांनी सुईने काढले. म्हणजे पहिल्या वर्षीपासून तुला माहीत होते. सिग्गाकडे खोप नाही, मेंढ्या नाहीत. आणि आपल्या खोपीतल्या समुद्राकडच्या बाजूच्या मांसाची चव ज्या मुलीला लहानपणी डोळे झाकून ओळखता यायची, तिला ते कोणाचे आहे हे सांगावे लागले नसणार.

मग तू सिग्गाचेच नाव का घेतलेस? बाबांना ते नाव पुढे करावे लागले हे मी समजू शकते. तुला काय अडले होते? की तुम्हा दोघांना ते नाव तसेच असलेले बरे वाटत होते, आणि मधे मी पुस्तिका घेऊन आले?

मी तुला पुन्हा विचारते, विमानतळावर येशील का. पण आता मी कोणाच्या वतीने विचारते आहे हे मला सांगता येणार नाही.

मार्यून

व्हॉगर विमानतळ, १४ जून

तूरी,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. धुके आहे. विमान आले आहे पण उडण्याची परवानगी मिळत नाही, आणि मुले खिडक्यांना नाके लावून उभी आहेत. बाइन्ता दर थोड्या वेळाने येऊन सांगते की समोरचा डोंगर आता गुडघ्यापर्यंत दिसतो.

आज सकाळी मी खाली आले तेव्हा माझी पिशवी दाराजवळच्या बाकावर होती. त्याच बाकावर. काल मी ती जिन्याशी ठेवली होती. उचलली तर उचलेना. बाबा बूट बांधत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "पिशवी मी भरलीय. तुझे कपडे वर आहेत, ती खाली आहे."

मी पिशवी उघडली. कपड्यांखाली पांढरे कापड होते, चार घड्यांच्या खुणांचे, नव्याने शिवलेले. वास तर तुला ठाऊकच आहे. माझा चांगला स्वेटर आता कोपनहेगनमध्ये घालण्यासारखा राहिलेला नाही.

मला जे सुचू नये तेच सुचले. मी विचारले, "सिग्गाकडून म्हणून देऊ?"

बाबांनी दुसरा बूट बांधला. "सिग्गाला खोप कुठाय?" ते म्हणाले.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मुलांना पोचवायला गावातली बरीच माणसे आली होती, पण बाबा शाळेच्या कार्यक्रमाला कधी येत नाहीत, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नंतर पाहिले नाही असे दाखवले. सिग्गाने फक्त मला एक गोळी दिली, कानांसाठी.

विमानतळावर ज्याची मी एप्रिलपासून तयारी करून घेत होते ते टेबल खरोखरच होते. मागे एक जाडसर गृहस्थ, मिशांना कॉफी लागलेली. बाइन्ता पहिली गेली.

"पिशवी कोणी भरली?"

"मी. आई शेजारी उभी होती."

"कोणी काही न्यायला दिलं का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी पुढच्या मुलाला तेच विचारले, मग त्याच्या पुढच्या मुलीला. तिसऱ्या 'नाही'वर त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला हळूच विचारले, "तुम्ही नोरविकचे ना? गावात काही भांडणं झाली आहेत का?"

मी म्हणाले, नियम आहे. ते म्हणाले, असेल. पण त्यांचा चेहरा अंत्यविधीला आल्यासारखा झाला.

मग माझी पाळी आली. मागे सगळा वर्ग उभा होता आणि कोणीही हलत नव्हते, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांच्याकडून घोकून घेतले होते तो आता मला विचारला जाणार होता.

"पिशवी कोणी भरली?"

चारचौघांत माझा आवाज निघत नाही हे तू जाणतेस. तिथेही पहिल्यांदा निघाला नाही. मग निघाला तो नको तेवढा मोठा. "मी नाही भरली," मी म्हणाले. "माझ्या बाबांनी भरली."

"आत काय आहे?"

"तंगडी."

त्यांनी पिशवी नाकाजवळ नेली, उघडलीही नाही. "कोणाच्या खोपीतली?"

"माझ्या बाबांच्या, हानुसच्या. त्यांच्या थोरल्या मुलीसाठी."

बाबा पोचवायला आलेल्यांसाठीच्या दोरीपलीकडे उभे होते आणि त्यांना ऐकू गेले असणार, सगळ्यांनाच गेले. बाइन्ता पुढे झाली, चष्मा सावरून म्हणाली, "दुसऱ्याच्या घरचं आहे का?"

"नाही. आमच्याच घरचं आहे."

"मग नियमात बसतं," तिने त्या गृहस्थांना सांगितले, जणू ते परवानगी मागत होते. त्यांनी मान डोलावली आणि पिशवी पुढे ढकलली.

तूरी, तू तिथे असशील की नाही हे मला माहीत नाही. तू "बरं" म्हणालीस, आणि ह्या एका शब्दाचा अर्थ मी इतक्या प्रकारांनी लावला आहे की आता त्याला कोणताच उरलेला नाही. तू नसलीस तर मी पत्त्यावर येईन, दार वाजवीन आणि पिशवी दाराशी ठेवीन. तू असलीस तर हे पत्र आणि तंगडी एकदमच हातात देईन, म्हणजे मला बोलावे लागणार नाही.

बाइन्ता आली. डोंगर खांद्यापर्यंत दिसतो आहे. आम्हाला उभे राहायला सांगितले आहे. मला विमानाची भीती वाटते का, हे पाहायला आता वेळ नाही.

आत येण्यापूर्वी मी दोरीपाशी बाबांकडे गेले होते. तुझ्यासाठी काही निरोप आहे का, असे विचारले. तुझे नाव घेऊन विचारले. त्यांनी धुक्याकडे पाहिले, मग माझ्या पिशवीकडे. मी वळले तेव्हा म्हणाले. मला ते पुरते समजलेले नाही, पण त्यांनी जसे म्हटले तसेच पोचवते:

"तिला म्हणावं, कापड धुवायची गरज नाही."